भिमाबाईंचे बिल्ले

पहिल्याच भेटीत मी भिमाबाईंना झापलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते, आणि वाटावी अशीच ती गोष्ट आहे.

मोखाड्याला अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. मूळची घाटावरची, शिस्तीची, वह्यांना खाकी कव्हर घालणारी. भिमाबाईंची अंगणवाडी सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर. जीप सोडून पाऊण तास चढ चढले, घामाने निथळत दारात पोहोचले, तर सेविकाबाई ओसरीवर मांडी घालून बसलेल्या. समोर रिबिनींचे तुकडे, जाड कागदाच्या पट्ट्या, दोरे आणि अंबाडीच्या सालीच्या वाखाचा एक भलामोठा गुंता. आत पोरं खिचडी खात होती. मी वजनाची वही मागितली. वही आली. एका अक्षराची खाडाखोड नाही, एक रकाना मोकळा नाही. दोष सापडला नाही की साहेबाचा पारा जरा जास्तच चढतो. माझा चढला.

"भिमाबाई, ही अंगणवाडी आहे की शोभेच्या वस्तूंचं दुकान?"

"बिल्लं हायेत म्याडम," त्या म्हणाल्या. हातातलं काम थांबलं नव्हतं. "दिवाळी झाली का पाडा खाली जातो, भट्टीव. त्यांच्या पोरांचं."

मी एक बिल्ला उचलला. लग्नपत्रिकेचा जाड कागद तळहाताएवढा कापलेला, वरचे दोन कोपरे तिरपे छाटलेले. मध्ये भोक, आणि ते फाटू नये म्हणून भोकाभोवती चिकटपट्टीचं कडं. पुढच्या बाजूला शाईने पोराचं नाव, आईचं नाव, पाडा, निघतानाचं वजन, राहिलेल्या लसी, आणि शेवटी भिमाबाईंचा मोबाईल नंबर. वरून मेणबत्ती घासलेली, पाणी लागून अक्षर पसरू नये म्हणून. इथवर मला पटलं. पण भोकातून गुलाबी रिबिनीचा फासा घेतलेला, त्यात हळदीत रंगवलेला अंबाडीचा वाख विणलेला, आणि खाली त्या वाखाचा वीतभर झुबकेदार गोंडा. कागदापेक्षा गोंडा मोठा.

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले.

भिमाबाई हसल्या. "नाकाला कोन इचारतं म्याडम? मोती हाये म्हून तं बघतात."

मी काहीतरी शेरा लिहून खाली उतरले. 'कार्यालयीन वेळेत अन्य कामे करू नयेत' असा काहीतरी. माझं अक्षर फार सुरेख आहे, त्यामुळे तो शेरा अजून त्या वहीत उठून दिसत असणार.

इकडे दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात, हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच अंगवळणी पडतं. भात निघतं, नागली निघते, मुकादमाचा टेम्पो येतो आणि माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. म्हातारी माणसं आणि कोंबड्या मागे राहतात. पोरं आईबरोबर जातात आणि ज्येष्ठाच्या तोंडाला परत येतात तेव्हा त्यातली काही ओळखू येत नाहीत, इतकी वाळलेली असतात. मधले महिने पोर इथल्या वहीत गैरहजर आणि तिथल्या वहीत नाहीच. भिमाबाईंना खुपायचं ते हेच. आपल्या पाड्यावरचं एकही पोर दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडू नये, एवढा एकच ध्यास या बाईला होता. बाकी त्यांना कशाचीच फारशी पर्वा नव्हती. माझ्या शेऱ्याची तर मुळीच नव्हती.

बाई दिसायला अगदी किरकोळ. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी वाखाची दोरी. पायात चपला क्वचित, बहुतेक वेळा हातात. चढाला चपला झिजतात आणि पाय झिजत नाहीत, असं त्यांचं गणित. चहा कधी बसून प्यायल्या नाहीत. पोरांना हाक मारताना पूर्ण नाव घ्यायच्या, तेही आईचं: 'सगुणा कमळ', 'रंजना जनी'. मी एकदा विचारलं, बापाचं नाव का नाही लिहीत?

"बाप लांब मातीत असतो. पोर रडला का आई येते. मंग कोनाचा नाव लिवायचा?" त्या म्हणाल्या.

यावर माझ्याकडे शासकीय उत्तर होतं, पण दिलं नाही.

रिबिनी त्या कुठून मिळवायच्या हा एक स्वतंत्र अध्याय आहे. मिठाईच्या खोक्यावरची, शाळेच्या बक्षिसावरची, सत्काराच्या गुच्छावरची. जव्हारच्या एका कपड्याच्या दुकानदाराने त्यांच्यासाठी वेगळी पिशवीच टांगून ठेवली होती. एकदा खालच्या पाड्यावर पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं. लाल साटीनची चांगली चार बोटं रुंद फीत. पाहुण्यांनी ती कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि पाहुणे गाडीकडे वळेपर्यंत भिमाबाईंनी दोन्ही तुकडे गुंडाळून कमरेला खोचले होते. टाकीच्या तोट्या पुढे बरेच दिवस कोरड्याच राहिल्या. उन्हाळ्यात बायका पूर्वीसारख्याच दरीत उतरून झऱ्याचं पाणी वाटी-वाटीने भरत राहिल्या. "टाकीचा नाय झाला तं नाय," भिमाबाई म्हणाल्या, "फितीचा तरी उपेग झाला."

या शोभेमागे काय होतं ते मला दोन वर्षांनी कळलं. खोडाळ्याच्या बैठकीहून परत येताना गाडी चुकली आणि आम्ही दोघी चालत निघालो. भिमाबाईंचं माहेर आणखी आतल्या एका पाड्यावरचं. तिथे भुकेने पोरं जायची, ती सालं त्यांनी लहानपणी पाहिलेली. त्या कधी त्यावर बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत.

"माझा भाव बारका होता. डाक्टर आला, त्याने तपासला, कागुद दिला. आठ दिसांनी हा कागुद घेऊन या म्हनला. आईला काय ठावा कागुद? पांढरा होता, साधा. तिने चुलीत घातला, जाळ पेटत नव्हता म्हून. आठ दिस झाले, आई जायला घाबरली. कागुद नाय, आता डाक्टर वरडंल."

भावाचं पुढे काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "त्याला काय शोभा असती, तं आईने खांबाला लावला असता. शोभेचा कागुद कोन चुलीत घालीत नाय."

त्यानंतर मी त्यांच्या बिल्ल्यांना कधी नावं ठेवली नाहीत. उलट कार्यालयातल्या जुन्या निमंत्रणपत्रिका जमवून पाठवू लागले. माझ्या वाढदिवसाला कुणी दिलेल्या गुच्छाची रिबीनही मी इमाने इतबारे पोहोचवली, तर म्हणाल्या, "ही पातळ हाये. पुढल्या टायमाला जाड सांगा."

बिल्ले तयार करण्याची त्यांची एक रीत होती. पाऊस सरताना बांधावरची अंबाडी कापायची, ओहोळात कुजत घालायची, आठ-दहा दिवसांनी सोलून, झोडपून, धुऊन वाख काढायचा. मग दुपारी पोरं झोपली की ओसरीवर मांडी ठोकायची. बिल्ला पोराच्या गळ्यात कधीच नाही. झोळीच्या दोरीला नाहीतर खोपीच्या खांबाला टांगायचा. आणि एक गोष्ट त्या पाड्यावर कुणालाही सांगत नसत. जे पोर वजनाला फार कमी, त्याच्या बिल्ल्याला लाल. तिथल्या नर्सबाईने लांबून बघावं आणि आधी त्या झोळीकडे जावं म्हणून. कागदाच्या मागे बारीक अक्षरात नर्ससाठी तसं लिहिलेलंही असे. आईला मात्र सांगायचं नाही. तुझं पोर कमी आहे, असं चारचौघींत म्हटलं की आई मान खाली घालते आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद होते, असा त्यांचा अनुभव. म्हणून जे तोंडाने बोलायचं ते त्या रिबिनीने बोलत.

मोखाड्यातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी लाल एकच होता. उद्घाटनाच्या त्या साटीनचा, आणि पळसाच्या फुलांत रंगवलेल्या वाखाचा गोंडा. भिमाबाईंनी त्यावर दोन दुपारी घालवल्या होत्या. तो सगुणाचा. सगुणा दीड वर्षाची, कमळची मुलगी, सगळी मिळून डोळेच. कमळची धाकटी जाऊ जनी, तिची रंजना त्याच वयाची, पण गोल आणि दांडगी. तिला पिवळ्या सुती फितीचा साधा बिल्ला. दिवाळी झाली, टेम्पो आला, पाडा गेला.

महिनाभराने एका सकाळी भिमाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या. मोखाड्याच्या आमच्या कार्यालयात त्या दिवशी धावपळ होती. दुसऱ्याच दिवशी वरची तपासणी होती.

"म्याडम, भिवंडीकडून नर्सबाईचा फोन आला," त्या म्हणाल्या. "म्हनती, तुमचा लाल चुकला. पोरगी चांगली गुबगुबीत हाये."

"मग चांगलंच की," मी वहीतून मान वर न काढता म्हणाले.

"माझी सगुणा महिन्यात गुबगुबीत व्हायची नाय."

मी मान वर केली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण चष्म्याची दोरी त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या. बिल्ल्यांची अदलाबदल झालीय, हे त्यांना फोन ठेवताक्षणी कळलं होतं. नर्सबाई दुपारी गेलेली, आया चिखलात कामाला, खोपीत दोघींची बहिरट सासू. लाल बिल्ला ज्या झोळीला, त्यातल्या पोराचं नर्सने वजन केलं, सासूने प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. आणि पिवळ्या बिल्ल्याच्या झोळीकडे कुणी वळलंच नाही.

"तपासणी होऊ द्या," मी म्हणाले. "परवा मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

"तुमी या परवा. मी आज जाते," भिमाबाई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी सरळ. आणि वळल्या.

मी पर्स उचलली. तपासणीचं काय झालं ते पुढे सांगण्यासारखं नाही. माझ्या सेवापुस्तकात ते आहे.

जव्हार, विक्रमगड, वाडा असं गाड्या बदलत आम्ही दुपारी भट्टीवर पोहोचलो. एका ओळीत गवताच्या खोप्या, पुढे रचलेल्या कच्च्या विटा, सगळीकडे राख. भिमाबाईंनी कुणालाही काही विचारलं नाही. झोळ्यांच्या ओळीतून चालत गेल्या आणि पिवळ्या गोंड्यापाशी थांबल्या. झोळीचा काठ बाजूला केला. सगुणा जागी होती. आमच्याकडे बघत होती. अनोळखी माणूस पाहून पोर रडतं; ती रडली नाही. भिमाबाईंनी तिच्या दंडाला दोन बोटं लावली आणि मग तिला उचलून खांद्यावर घेतलं. मला तो दंड बघवला नाही.

कमळ धावत आली, कोपरापर्यंत चिखल. मागून जनी.

"कमळ, बिल्ला बदलला का?" भिमाबाईंनी विचारलं.

"जनीला लाल आवडला बाय," कमळ म्हणाली. "तिने मांगला. जाऊ मांगते, तं नाय कसा म्हनू?"

जनीचा चेहरा पडला होता. "मी परत देते बाय. आता देते," ती म्हणाली आणि झोळीची गाठ सोडायला गेली. तिला वाटलं, बाई बिल्ल्यासाठी एवढ्या लांब आल्या.

मी बोलणार होते. दोघींना चांगलं सुनावणार होते. तो माझा स्वभावच आहे. पण भिमाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाल्या, "तुमची चूक नाय पोरींनो. एकीला रेशीम नि एकीला सूत मीच दिला. दोघी एका चुलीव जेवता, नि मी भेद केला."

मुकादम आला. कमळ दवाखान्यात गेली तर इथला एक हात कमी होईल, असं म्हणू लागला. भिमाबाई त्याला म्हणाल्या, "एक नाय, दोन हात हायेत तिचे. दोनी पोरीला लागतात." आणि सगुणाला खांद्यावर तशीच ठेवून चालायला लागल्या. कमळ मागून निघाली. मुकादम बाजूला झाला.

दवाखान्यातले पहिले तीन दिवस फार वाईट गेले. मला परतावं लागलं. भिमाबाई व्हरांड्यात राहिल्या. रोज सकाळी मी फोन करायची आणि त्या एकच शब्द सांगायच्या, "हाये." चौथ्या दिवशी म्हणाल्या, "आज चष्मा ओढला तिने." मी कार्यालयात, सगळ्यांसमोर, टेबलावर डोकं ठेवून रडले. शिपायाने पाणी आणून दिलं आणि तपासणीत एवढं बोलले का साहेब, म्हणून विचारलं.

सगुणा वाचली. आता आश्रमशाळेत आहे आणि खोखो खेळते. पण भिमाबाईंनी बिल्ले सोडले. वाख, रिबिनी, पत्रिका, सगळं बोचक्यात बांधून माळ्यावर टाकलं. वर्षभर हात लावला नाही. ज्या बाईने त्यांना बिल्ल्यांवरून झापलं होतं, तीच मी आता त्या चढाने धापा टाकत जाऊन विनवण्या करत होते. काळाचा महिमा, दुसरं काय.

"शोभाच नडली म्याडम," त्या म्हणाल्या.

"शोभा नाही नडली. तुम्ही लालचा अर्थ आईला सांगितला नाही, ते नडलं," मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण लगेच वाटलं, कशाला बोललो आपण.

भिमाबाईंनी माळ्यावरच्या बोचक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खरा हाये. तिला लाज वाटंल म्हून गप्प ऱ्हायले. पोरीपेक्षा लाज मोठी केली मी."

पुढच्या दिवाळीच्या आधी मी गेले तेव्हा ओसरीवर भिमाबाई एकट्या नव्हत्या. पाड्यावरच्या सगळ्या आया मांड्या घालून बसल्या होत्या. कागद सगळ्यांना एकसारखा, एकाच मापाचा, रिबिनीचाही सगळ्यांना सारखाच तुकडा. पण दोरी ज्याची त्याने वळायची. मांडीवर वाख ठेवून, तळहाताने पुढे लोटून, प्रत्येक बाई आपापला पीळ घालत होती. कुणी त्यात जुन्या लुगड्याची चिंधी घातलेली, कुणी मणी, कुणी कोंबड्याचं पीस. कमळने सगुणासाठी निळ्या काठाची दशी वळली होती आणि शेजारी जनी वाकून बघत होती, पण मागत नव्हती.

"आपल्या हातचा पीळ कोन कोनाला देत नाय," भिमाबाई मला हळूच म्हणाल्या. आणि मग एकेका आईला बाजूला नेऊन, तिच्या कानाशी तोंड नेऊन, तिच्या पोराचं वजन सांगत गेल्या. दोन आया रडल्या. यायची मात्र कुणी बंद झाली नाही.

मी मोखाडा सोडला तेव्हा भिमाबाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नवी सेविका हुशार, मोबाईलवर नोंदी करणारी. गावाबाहेर जाणाऱ्या पोरांचीही नोंद आता मोबाईलमध्ये होते. भिमाबाईंना त्याचा खरोखर आनंद होता. "चांगला झाला. आता वही पोराच्या संगती जाते," असं म्हणायच्या. तरी टेम्पो निघायचा त्या सकाळी त्या फाट्यावर उभ्या असायच्याच. सांगितलेलं नव्हतं, पगार नव्हता. मी बदलीच्या गावी निघायच्या आधी त्यांना भेटायला गेले, तो नेमका तोच दिवस होता.

टेम्पो भरलेला. भिमाबाई मागच्या फळीपाशी उभ्या राहून एकेक बिल्ला हातात घेऊन वाचत होत्या, आईचं नाव घेत होत्या, बाई 'हां' म्हणत होती. सगळे झाले. टेम्पो हलला आणि घाट उतरू लागला. आम्ही दोघी बोलायला वळलो. मी डबा आणला होता त्यांच्यासाठी. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"त्या कोपऱ्यात बसली होती, ती आपल्या पाड्याची नाय," त्या म्हणाल्या. "अलीकडच्या थांब्यावं चढली आसंल. पदराखाली पोर हाये म्याडम. पाय दिसला."

"नव्या बाईंना फोन करून सांगू," मी म्हणाले. "ती खाली कुणाच्या तरी नोंदीत..."

माझं वाक्य ऐकायला त्या तिथे नव्हत्या. घाटाचं वळण तोडून जाणारी पायवाट आहे, तिने उतरायला लागल्या होत्या. साठी उलटलेली बाई. मी वरून "भिमाबाई, पडाल" म्हणून ओरडत होते. खालच्या वळणावर टेम्पो यायला आणि त्या रस्त्यावर यायला एकच गाठ पडली. त्यांनी हात आडवा केला. टेम्पो थांबला.

वरून मला बोलणं ऐकू येत नव्हतं. भिमाबाई फळीपाशी गेल्या. पिशवीतून कोरा कागद काढला. वाटलं, भराभर काहीतरी लिहून, कुठलीशी रिबीन बांधून मोकळ्या होतील. तसं त्यांनी केलं नाही. वाखाची जुडी काढून त्या कोपऱ्यातल्या बाईच्या हातात दिली. ती बाई आधी नुसतीच बघत राहिली. मग तिने पोर शेजारणीकडे दिलं, पदर खोचला आणि मांडीवर वाख ठेवून वळायला लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मुकादम खाली उतरून हातवारे करत होता. भिमाबाईंनी एक हात फळीवर ठेवला होता, आणि ती बाई सावकाश, दोरी नीट वळत होती.